रोज कात टाकणारा फोन

एका गावात द्वारका नावाची एक बाई राहायची. ती साप धरायची. कुणाच्या पडवीत नाग निघो, कुणाच्या चुलीमागे मण्यार सापडो, द्वारका आकडा आणि कापडी पिशवी घेऊन जायची, साप पिशवीत घालायची आणि रानात नेऊन सोडायची. पण साप धरणं हे तिच्या कामातलं सोपं काम. अवघड काम होतं माणसांचं. साप दिसला की आधी काठी शोधायची, ही त्या पंचक्रोशीची जुनी रीत. विषारी की बिनविषारी, बघतो कोण! धामण बिचारी उंदीर खाऊन धान्य राखते. पण ती गोठ्यात शिरून म्हशीचं दूध पिते असं ठरवून लोक तिला पहिल्यांदा ठेचायचे.

"काठी उचलू नका, फोन उचला," हे सांगून सांगून द्वारकेच्या तोंडाला फेस आला. तेव्हा कुठे एकेक माणूस वळला. खालच्या वाडीतला बारकू सगळ्यांत हट्टी, पण शेवटी तोही वळला. नुसता वळला नाही, तर आपल्या गोठ्याच्या भिंतीवर गेरूने तिचा नंबर भल्या मोठ्या आकड्यांत रंगवून घेतला. त्याखाली, अडीअडचणीला असावा म्हणून, तिच्या दिराचाही नंबर घातला. त्या भिंतीजवळून जाताना द्वारकेचा ऊर भरून यायचा.

आता जिचं सगळं काम फोनवर, तिचा फोन नुसता वाजला की पुरे, असं कुणीही म्हणेल. पण तिच्या घरात दोन शहाणे होते.

पहिला शहाणा तिचा नवरा श्रीपती. तो पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा. रेडिओ गेले, दुकान गेलं, हाताचा चाळा तेवढा उरला. दुसरा शहाणा शेजारच्याच घरात राहणारा धाकटा दीर, दीपक. त्याला दर सणाला नवा फोन लागायचा. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. दीपकला नऊ म्हणजे फार वाटायचे.

द्वारकेचा फोन म्हातारा झाला होता. फोन आला की तो आधी विचार करायचा, मग वाजायचा. लोकांनी पाठवलेला सापाचा फोटो उघडेपर्यंत साप पुढच्या गावी पोचलेला असायचा. त्यात कंपनीने हात वर केले: या फोनला आता पुढची सुधारणा मिळणार नाही, नवा घ्या.

"फेकून दे वहिनी, नवा घे," दीपक म्हणाला.

"फेकायचा कशाला? हाडं शाबूत आहेत त्याची," श्रीपती म्हणाला. "आतलं तेवढं बदलू."

आतलं म्हणजे फोन ज्याच्या जोरावर चालतो ती ऑपरेटिंग सिस्टीम. कंपनीची पुसून टाकायची आणि हौशी लोकांनी बनवलेली, फुकट मिळणारी दुसरी तिच्या जागी घालायची. श्रीपतीने एक जुना संगणक मिळवला, वायर जोडली, चष्मा नाकावर घेतला आणि बसला. मधेच फोन पार मेल्यासारखा काळा पडला, तेव्हा दीपक दारात उभा राहून हसलाही. पण श्रीपती चिकाटीचा. अखेर फोन जिवंत झाला, आणि असा धावू लागला की जणू काल दुकानातून आणलाय. द्वारका मनापासून खूश झाली. तिने त्या दिवशी नवऱ्याला पुरणपोळी करून वाढली. इथपर्यंत श्रीपतीला कुणी नावं ठेवील तर त्याची जीभ झडेल.

त्याच सुमाराला परसातल्या दगडी बांधात एक धामण येऊन राहिली होती. शेपटीचं टोक तुटलेली, चांगली लांबलचक. तिची कात टाकायची वेळ झाली होती. अंग मळकं दिसत होतं, डोळ्यांवर साय आल्यासारखी झाली होती. श्रीपती काठीने तिला डिवचून बघायला गेला, तर द्वारका ओरडली.

"हात लावू नका तिला! आता धड दिसत नाही तिला. कात निघाली की आपली आपण पोटामागे जाईल."

पुढे एका सकाळी बांधावर पांढरी कात पडलेली दिसली. धामण नव्या तेजाने सळसळत शेताकडे निघून गेली होती. श्रीपतीने ती कात उचलून कौतुकाने खुंटीला अडकवली.

"बघ," तो म्हणाला, "तुझ्या धामणीने टाकली आणि माझ्या फोनने टाकली. दोघंही तरणी झाली."

इथे थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण दुरुस्त झालेली वस्तू दुरुस्त करणाऱ्याच्या काय कामाची? चालणाऱ्या फोनकडे बघून श्रीपतीला करमेना. आठवडा झाला नाही तोच तो म्हणाला, "याहून चांगली एक सिस्टीम आलीय." घातली. तिच्यात फोन यायचा, पण आवाज यायचा नाही. मग तिसरी घातली. तिच्यात आवाज होता, फोटो उघडत नव्हते. मग ती काढून परत दुसरी, मग दुसरीची सुधारलेली. दर वेळी फोन कोरा व्हायचा, दर वेळी लोकांचे नंबर पुन्हा भरावे लागायचे, आणि दर वेळी पडद्यावर एक गोल चक्र फिरत राहायचं.

"अहो, चालत होता ना तो?"

"चालत होता गं, पण बॅटरी जरा लवकर उतरत होती."

"मला बॅटरीची आरती नाही करायची. मला फोन घ्यायचाय!"

"पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटं! ही पाच मिनिटं कुठल्या घड्याळातली असतात ते देव जाणे. भात शिजायचं, जेवणं व्हायची, भांडी घासून पालथी पडायची, तरी चक्र आपलं फिरतंच आहे.

द्वारका वैतागून दिराकडे गेली. दीपक मोठ्या मनाचा. त्याने आपला गेल्या सणाचा फोन तिला देऊन टाकला. नवाकोरा, चकचकीत. कुठलं बटण कुठे ते समजायला तिला वेळ लागला. हात बसतो न बसतो तोच दीपक दारात हजर.

"वहिनी, तो फोन जरा दे. एक्स्चेंजमध्ये घेताहेत. तुला त्याहून नवा देतो."

"कधी?"

"मी त्याच्यानंतरचा घेतला की."

द्वारकेने कपाळावर हात मारून घेतला. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते हेच. "एकाला जुनं सोडवत नाही आणि एकाला नवं टिकवत नाही," ती म्हणाली. "जुना असो, नवा असो, मला वाजणारा फोन हवाय. एवढं साधं मागणं तुम्हा दोघा भावांच्या डोक्यात शिरत कसं नाही?"

शिरलं नाही ते नाहीच. नाइलाजाने तिने पुन्हा आपला जुना फोन घेतला.

कापणी झाली. वाडीवाडीत खळी लागली, भाताच्या उडव्या रचल्या गेल्या. धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे साप येणार हे ठरलेलं. सकाळी गवताला निघताना द्वारकेने फोन घरी ठेवला, कारण रानात त्याला रेंज नव्हती. निघताना तिने नवऱ्याला बजावलं.

"आज फोन वाजणार. वाजला की उचला आणि मला बोलवायला या. आज त्याला हात लावू नका. आज नाही म्हणजे नाही."

"नाही लावत बाई. शपथ."

द्वारका बांध ओलांडून गेली आणि इकडे बातमी आली की नवी आवृत्ती निघाली. श्रीपतीने फोनकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. तिला यायला अजून किती अवकाश! तोवर पाच मिनिटांचं काम सहज उरकेल. त्याने वायर जोडली.

दुपारी गवताचा भारा डोक्यावर घेऊन द्वारका खालच्या वाडीवरून परतत होती. बारकूच्या खळ्यात माणसं जमलेली दिसली. तिने भारा टाकला आणि गर्दीत शिरली. मधोमध एक धामण ठेचून पडली होती. अंग नवं, लखलखीत, ऊन पडलं की चमकत होतं. शेपटीचं टोक तुटलेलं. तोंडात अजून उंदीर होता.

द्वारका तिच्याजवळ खाली बसली. तिच्याच परसातली ती. तिच्याच बांधातून कात टाकून निघालेली.

"बारकू, अरे काय केलंस हे?"

बारकूच्या हातात काठी होती. त्याला लाज वाटत होती आणि रागही आला होता.

"फोन लावला ताई. लावला, लावला, पुन्यांदा लावला. आतली बाई सांगती, बंद हाय. तुझ्या दिराचा लावला. त्यो बी बंद. पोरं हितंच उडवीवर खेळत होती. सळसळ कसली, नाग का धामण, मला काय कळतंय? तूच म्हनली व्हतीस, काठी नगं, फोन उचल. उचलला की! पुढं काय करायचं त्ये तू सांगितलं नव्हतंस."

इतकी वर्षं द्वारका दुसऱ्यांना शिकवत आली, आणि आज शिकणाऱ्याचं सगळं बरोबर होतं.

बारकूने काठी टाकली. तो गोठ्याकडे गेला, चुन्याची बादली घेतली आणि भिंतीवरचे दोन्ही नंबर पांढरे करून टाकले. शिव्या दिल्या असत्या तरी द्वारकेला इतकं लागलं नसतं.

ती घरी आली. दीपकच्या ओसरीवर, सिम काढून, दोन फोन शेजारीशेजारी ठेवलेले, जुन्यातलं सगळं नव्यात ओतणं चाललं होतं. "हात लावू नको वहिनी, मधे तोडलं तर पहिल्यापासून करावं लागेल," तो म्हणाला. ती तशीच पुढे गेली. घरात टेबलावर तिचा फोन होता. चक्र फिरत होतं.

"झालंच बघ," श्रीपती तोंड भरून हसत म्हणाला.

द्वारकेने खुंटीवरची कात काढली आणि टेबलावर, फोनच्या शेजारी ठेवली.

"जिची ही कात, तिला बारकूने मारलं. त्याने आधी फोन लावला होता."

श्रीपतीचं हसू मावळलं.

"साप कात टाकतो तेव्हा आंधळा होतो," ती म्हणाली. "तेवढे दिवस तो बिळात बसतो, कुणाच्या उपयोगाचा नसतो. पण कात निघाली की शिकारीला जातो. एकदा टाकली की कामाला लागतो. तुमचा फोन मेला नुसती कातच टाकतोय. त्याने कामाला जायचं कधी?"

रेडिओ दुरुस्त करायचा तेव्हा गाणं लागलं की श्रीपती पेचकस खाली ठेवायचा. हे त्याचं त्यालाच आठवलं, आणि मान वर होईना.

फोन सुरू झाला. श्रीपतीने नंबर भरले, आवाज तपासला, फोटो उघडून पाहिला. सगळं ठीक होतं. मग त्याने वायर काढली, गुंडाळली आणि द्वारकेच्या साप ठेवायच्या पिशवीत घालून गाठ मारली. त्या पिशवीत विचारल्याशिवाय हात घालायची घरात कुणाची छाती नव्हती. श्रीपतीची तर नव्हतीच.

दीपक नवा फोन घेऊन आला. "वहिनी, हा घे. कायमचा. परत मागणार नाही."

"तू आधी स्वतःचा चालू ठेव भावजी," द्वारका म्हणाली. "लोक तुलाही लावत होते."

दीपकने खाली मान घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर सूचना झळकली, की आणखी एक नवी आवृत्ती आली आहे. श्रीपतीने ती वाचली. बोटं शिवशिवली. पिशवीकडे बघून झालं. मग त्याने फोन द्वारकेच्या हातात दिला, गेरूची वाटी आणि कुंचला घेतला आणि खालच्या वाडीची वाट धरली.

बारकू गोठ्यातच होता.

"चूक माझी आहे," श्रीपती म्हणाला. "तिची नाही. नंबर पुन्हा लिहू देतोस का?"

बारकूने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "लिवा," तो म्हणाला. "पर आधी लावून बघतो."

त्याने तिथेच खिशातून फोन काढला आणि नंबर लावला. श्रीपती कुंचला हातात धरून उभा राहिला. रेडिओच्या दुकानात गिऱ्हाइकासमोर बटण फिरवताना छाती धडधडायची, तशी त्याची धडधडली.

पहिल्याच घंटीला पलीकडून आवाज आला, "बोल बारकू, कुठे आहे साप?"

"साप न्हाई ताई," बारकू म्हणाला. "तू हायेस का, त्ये बघितलं."

भिंतीवर नंबर पुन्हा उमटला. पण बारकू अजूनही मधूनच, साप नसताना, फोन लावून बघतो. द्वारका दर वेळी उचलते आणि कधी रागावत नाही. श्रीपती मात्र तेवढ्यापुरता परसात जाऊन धामणीच्या त्या रिकाम्या बांधाशी उभा राहतो.

तात्पर्य: जुनं सावरावं की नवं आणावं, हा वाद खुशाल घालावा; पण वस्तू ज्या कामासाठी आहे, ते काम आधी चालू ठेवावं. दुरुस्तीला हात घालायला जेवढी अक्कल लागते, त्याहून अधिक ती हात काढून घ्यायला लागते.