मथुराबाईंची बोलकी वही

शाळेतून पळून गेलेल्या पोराला परत बोलवायला कुणी का येत नाही? भैरूने हा प्रश्न आईला विचारला होता, वडिलांना विचारला होता, एकदा तर भर ग्रामसभेत सरपंचांनाही विचारला होता.

घाटाखालच्या एका गावात हा भैरू पंक्चर काढायचा. तिसरीत असताना मोठ्याने वाचताना तो एका शब्दाशी अडला. वर्ग हसला. त्याने पाटी भिरकावली आणि धूम ठोकली, तो पुन्हा शाळेत गेलाच नाही. त्याची मोठी बहीण मथुरा मात्र शिकली आणि त्याच शाळेत बाई झाली.

शाळेत चार टॅब आले, तेव्हा मथुराबाईंनी दुसरीच्या मुलांसाठी त्यांत चाळीस पानांची एक वही तयार केली. मुलं तिला बोलकी वही म्हणत. प्रत्येक पानावर एक चित्र असे आणि खाली विस्कटलेले शब्द. शब्द वाचायचे आणि बोटाने ओढून ओळीत लावायचे. वाक्य जुळलं की बाईंचा आवाज ते वाचून दाखवी आणि म्हणे, "शाब्बास! चल पुढे." चुकलं की तोच आवाज म्हणे, "असू दे. पुन्हा वाच. मी थांबते."

मग मथुराबाईंना डेंग्यू झाला आणि पाच दिवसांत त्या गेल्या.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भैरू शाळेवरून चालला होता. खिडकीतून बहिणीचा आवाज आला. तो चपलांसकट वर्गात शिरला आणि मुलांच्या हातांतले चारही टॅब त्याने हिसकावून घेतले.

"माझ्या ताईचा आवाज आहे हा. तुमचं खेळणं नाही!"

मुख्याध्यापक खुर्चीतून उठले, पण भैरूचा चेहरा बघून पुन्हा बसले. "राहू द्या चार दिवस," ते हळूच म्हणाले.

चार दिवसांचा महिना झाला. नव्या बाई आल्या नव्हत्या. मुख्याध्यापकांना एकट्याला चार वर्ग सांभाळायचे होते. दुसरीतली मुलं आलेलं वाचनही विसरू लागली.

भैरू दुकानात टॅब मांडीवर घेऊन बसे. वाचता येत नसल्यामुळे तो शब्द कसेही ओढी. "असू दे. पुन्हा वाच. मी थांबते." तो पुन्हा चुके, पुन्हा ऐके. महिनाभर त्याने बहिणीची तेवढीच तीन वाक्यं ऐकली. वहीत तिचं बाकी सगळं बोलणं होतं, पण ते त्याच्यासाठी उघडत नव्हतं.

एका दुपारी दुसरीतली सलमा दुकानात आली. तिचे पुढचे दोन दात पडले होते. ती त्याच्या खांद्याआडून टॅबकडे बघत राहिली.

"मामा, 'आहे' सगळ्यात आधी लावलंत? वाक्य काय शेपटीकडून चालतं?"

"तुला लई येतं!"

"मला सव्वीस पानांपर्यंत येतं. पुढची पानं तुम्ही उचलून आणलीत."

भैरू वरमला. त्याने टॅब तिच्यापुढे सरकवला. सलमाने एकेक शब्द ओठांतल्या ओठांत वाचला आणि ओढून जागेवर लावला. लगेच मथुराबाई बोलल्या, "आमची मांजर दूध पिऊन चुलीजवळ झोपली आहे." मांजरीचं वाचताना त्यांना जरासं हसू आलं होतं. ते हसूही तसंच वहीत राहिलं होतं. मग त्या म्हणाल्या, "शाब्बास! चल पुढे."

भैरूने तोंड फिरवून पाना उचलला, पुन्हा ठेवला. "अजून एक लाव," तो म्हणाला.

"नाही. बाई सांगायच्या, दुसऱ्याचं पान आपण लावायचं नाही. तुम्ही वाचा."

"मला येत नाही गं."

आता ही हसणार, असं त्याला वाटलं. सलमा टायरवर नीट मांडी घालून बसली.

"असू दे," ती म्हणाली. "पुन्हा वाचा. मी थांबते."

तेच शब्द होते आणि तीच लकब. महिनाभर छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलावा, तसा त्याचा श्वास मोकळा झाला. त्याने चारही टॅब पिशवीत घातले, दुकानाची फळी लावली आणि सलमाबरोबर तो शाळेत गेला. या वेळी चपला त्याने बाहेर काढल्या.

"मुलांचं मुलांना द्यायला आलोय," तो मुख्याध्यापकांना म्हणाला. "आणि मागं जागा असली तर मीही बसतो."

त्या दिवसापासून तो रोज दुपारी तासभर दुसरीच्या वर्गात बसू लागला. मुलं त्याची चेष्टा करत. "मामा, तुमचे गुडघे बाकाच्या बाहेर आलेत!" तो हसे आणि पुढचा शब्द वाची. दर पानाला बहीण त्याला शाब्बास म्हणे.

सहा महिन्यांनी सलमा चाळिसाव्या पानावर पोचली. तिने वाक्य बरोबर लावलं, पण वही बोललीच नाही.

"मामा, इथं बाई गप्प आहेत."

"तेवढ्या एका पानाला आवाज द्यायचा राहिला," मुख्याध्यापक म्हणाले. "तो द्यायचा होता त्याच दिवशी त्या ताप घेऊन घरी गेल्या."

"मी देतो," भैरू म्हणून बसला.

आठ दिवस त्याने ते वाक्य घोकलं. नवव्या दिवशी तो सगळ्या वर्गासमोर टॅबपुढे बसला. मुख्याध्यापकांनी बटण दाबलं. भैरू वाचू लागला आणि मधल्याच एका शब्दाशी अडला. या वेळी वर्ग हसला नाही. त्याने एकदा दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. तो जागचा हलला नाही. त्याने तो शब्द पुन्हा वाचला आणि वाक्य पुरं केलं.

"अडखळलेलं काढून टाकू का?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"असू दे," भैरू म्हणाला. मग तो टॅबच्या जवळ वाकला आणि चुकणाऱ्या मुलासाठी सावकाश बोलला, "पुन्हा वाच. मी थांबतो."

तात्पर्य: गेलेल्या माणसाचं देणं आपल्यापाशी कोंडून ठेवलं तर ते तिथंच थांबतं, शिकणाऱ्यांच्या हाती दिलं तर त्याचं राहिलेलं पानही पुरं होतं.