उशीचा अभिषेक

ही उशी गेल्या महिन्यातली. पण तिला विचाराल तर कोट्यवधी वर्षांपूर्वीची. तिच्या अभ्र्यावर वेटोळ्या शंखाच्या जीवाश्माचं जुन्या पुस्तकातलं चित्र छापलं होतं. तेव्हापासून ती कुणाला टेकूच द्यायची नाही. कुणी रेललं की अंग चोरून दिवाणाखाली घसरायची.

"मी डायनासोर पाहिलेत," ती शेजारच्या जुन्या लोडाला सुनवायची. "माझी पूजा व्हायला हवी, पूजा!"

"होईल हो," लोड म्हणायचा. "घाई कशाला?"

एकादशीला वेणूआत्या आल्या आणि चित्र पाहून भाचीवर ओरडल्याच, "अगं सुलभा, हे तर शाळिग्रामातलं चक्र! शाळिग्रामाला कुणी पाठ लावतं का?"

उशी थेट देवघरात गेली. जाताना तिने लोडाकडे वळूनही पाहिलं नाही.

शाळिग्राम म्हटल्यावर पंचामृत आलंच. आत्यांनी तिच्यावर दूध ओतलं, दही ओतलं, तूप, मध आणि वर साखरही.

दुपारी उशी खिडकीबाहेर दोरीवर चिमट्यांनी लटकत होती आणि मुंग्या रांगेने दर्शनाला येत होत्या.

"काय म्हणतात डायनासोर?" लोडाने आतून विचारलं.

"लोडदादा," उशी रडकुंडीला येऊन म्हणाली, "मला गेल्याच महिन्यात शिवलंय हो! कुणाला तरी माझ्यावर बसायला सांगा ना!"