आवडायची चिरेखाण

तुमच्या आजोबांचे आजोबा रांगत असतील, किंवा त्याच्याही आधी, नक्की कोण सांगणार? पण फार फार वर्षांपूर्वी, खाडीकाठच्या पाटखोल गावात आवडाय राहायची. घरात ती एकटी आणि गोठ्यात पोवळी नावाची तांबडी गाभण गाय. आवडायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं. ती गायीशी इतकं बोलायची, की एखाद्या दिवशी गाय उत्तर देईल अशी शेजाऱ्यांना भीती वाटायची.

पाटखोल फणसांचं गाव. वैशाख आला की बायका गऱ्यांचा रस चटयांवर वाळवून फणसपोळी करायच्या आणि ती गलबतांतून दूर दूर जायची. मागं उरायचा सालींचा डोंगर. गुरं त्यातलं थोडं खायची, बाकीचं कुजायचं. त्या वासावर गलबतं धुक्यातही बरोबर पाटखोलला लागायची, असं म्हणतात.

एका वर्षी ऐन वैशाखात वणवा आला. पावसाळ्यासाठी रचलेल्या पेंढ्याच्या उडव्या बघता बघता राख झाल्या. आता आषाढाच्या झडीत गुरं गोठ्यात बांधली, की त्यांना घालायचं काय?

"घाटावर न्हेऊन इकूया," धाकू गावकर म्हणाले. गावात त्यांचा शब्द मोठा. "दाव्याला मरताना बघण्यापरास त्ये बरं."

आवडाय पोवळीच्या गळ्यात हात टाकून रड रड रडली. आणि पोवळी? ती दुसऱ्याच दिवशी दावं तोडून पसार झाली. सापडली ती सालींच्या ढिगापाशी. तिथं दगडी गडगा ढासळून गेल्या सालच्या थोड्या साली मातीखाली घट्ट दबल्या होत्या. पोवळीनं शिंगांनी माती उकरली होती आणि बाईसाहेब डोळे मिटून खात होत्या.

आवडायनं वास घेतला. कुजका नव्हता. आंबोळीचं पीठ झाकून ठेवलं की सकाळी येतो, तसा आंबटगोड वास होता. पिठाला झाकण असतं, या सालींना मातीचं झाकण मिळालं होतं!

मग तिनं गावातल्या बायका गोळा केल्या. डोंगराच्या कुशीत जांभ्याचे चिरे काढून रिकामी पडलेली एक जुनी चिरेखाण होती. तिच्यात सालींचे तुकडे पसरायचे आणि वर झिम्मा खेळायचा, पुन्हा पसरायचे, पुन्हा झिम्मा. आत वारा म्हणून राहता कामा नये. नाचता नाचता खाण भरली. वर पानं, पानांवर चिखलाचा जाड लेप आणि त्यावर झावळ्यांचं छप्पर.

"आता कुणी उघडायचं न्हाय हां," आवडायनं बजावलं. "आंबवण झाकलं की झाकलं."

खाण आतून गुणगुणायला लागली. लेपाला कान लावला की झोप यायची, आणि झोपलेल्या प्रत्येकाला एकच स्वप्न पडायचं: खाडीवर हिरवं गवत उगवलंय आणि गुरं पाण्यावरून चालत चरतायत. असं म्हणतात हं, मी काही झोपलो नव्हतो तिथं.

पण धाकू गावकरांना दम कुठला! ते रोज एका कोपऱ्यातला लेप हळूच उचलायचे, आत डोकावायचे आणि पुन्हा थापायचे. वारा शिरला, तो कोपरा काळा पडला. आषाढात त्यांनी त्यातलंच ओंजळभर आपल्या म्हशीला गुपचूप घातलं. म्हैस फुगली आणि मेली. खाणीतलं खाऊन मेली एवढंच त्यांनी सांगितलं, कोपऱ्याचं नाही.

गाव खवळलं. "आवडायनं इख पिकवलंय!" गुरं विकायचं ठरलं, घाटावरचे व्यापारी दुसऱ्या दिवशी ती न्यायला यायचे होते. एकामागोमाग न्यायला गुरांच्या दाव्यांना एकमेकांत गाठी पडल्या.

आवडाय पोवळीला घेऊन भर पावसात खाणीवर गेली. सगळं गाव मागं. तिनं लेप फोडला. आतून पिवळंधमक, वाफाळतं, गोड वासाचं आंबवण निघालं. तिनं मूठ भरली. पोवळीनं तोंड पुढं केलं, आणि आवडायचा हात थांबला. म्हैस तिनंही पाहिली होती. या एका घासानं गाय गेली, पोटातलं वासरू गेलं, तर तिला उरणार काय? मग तिनं तो घास स्वतःच्या तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला. घटकाभर सगळे पावसात भिजत उभे राहिले. तिला काहीच झालं नाही. तेव्हा तिनं दुसरी मूठ गायीपुढं धरली.

पोवळीनं हात चाटून पुसून काढला. धाकू गावकर गर्दीतून पुढं आले, आवडायपुढं खाली मान घालून उभे राहिले आणि म्हणाले, "कोपरा मी उघडलेला, बाय."

त्या पावसाळ्यात पाटखोलचं एकही जनावर घाट चढलं नाही. नवं गवत कमरेला लागेपर्यंत खाण पुरली. वरून काढावं तेवढं खालून वर यायचं, असं म्हणतात. पोवळीला झालेलं वासरू पिकल्या गऱ्याच्या रंगाचं होतं. आवडाय कधी वारली ते कुणालाच ठाऊक नाही. म्हातारपणी ती खाणीला कान लावून निजली आणि त्या स्वप्नातल्या गुरांमागं निघून गेली, एवढंच सांगतात.

पाटखोलच्या बायका अजून वैशाखात सालींवर झिम्मा खेळतात. आषाढात खाण उघडली की घरची बाई पहिली चिमूट आपल्या तोंडात घालते, आणि मग गायीपुढं मूठ धरून हळूच म्हणते, "आधी मी खाल्लंय गो बाय. आता तू खा."