रिकाम्या गलबताची दोरी

समुद्राकाठी राजे पुष्कळ होते आणि गोड्या विहिरी थोड्या, त्या काळची ही गोष्ट. एका राज्यातल्या सुताराने समोरच्या बेटावर पाण्याचे हंडे नेण्यासाठी गलबत बांधले. बेटावर विहीर नव्हती. गलबतावर बैल घाण्याला जुंपल्यासारखे गोल फिरत, त्यांच्या ओढीने एक लांब आस फिरे, आणि आसाच्या टोकाचे चाक पाणी कापी.

गलबताच्या शेपटाकडे हा आस खैराच्या लाकडाच्या जाड बांगडीत बसवला होता. तिला तेल लागत नसे. समुद्राचेच पाणी मध्ये शिरे आणि त्या पातळ पदरावर आस अलगद फिरे.

तिसऱ्या फेरीला बांगडीतून धूर निघाला. गलबत अर्ध्या वाटेवरून परतले. बेटावर माणशी ओंजळभर पाणी उरले.

"लाकूड हलकं वापरलंस," राजाचा कारभारी म्हणाला. सुताराने नवी बांगडी घातली. तीही जळाली.

"तेल पाज तिला," गलबत हाकणारा तांडेल म्हणाला. "नुसत्या पाण्यावर कुणाचं पोट भरतं?"

सुताराने गलबत वाळूवर ओढले आणि आस सरळ आहे का ते पाहायला दोरी ताणली. आस दोरीत, अगदी सरळ होता. "माझ्या दोरीत खोट नाही," तो म्हणाला.

"आणखी एकच संधी," राजा म्हणाला. "मग लाकूड तासायचा तुझा वाकस माझ्याकडे ठेवायचा आणि सुतारकी सोडायची."

जळकी बांगडी घेऊन सुतार धक्क्यावर बसला. ती फक्त एका कडेला जळाली होती. बाकी ठिकाणी त्याच्याच पटाशीच्या खुणा ताज्या होत्या.

कावडीने हंडे भरणारी म्हातारी शेजारी टेकली. "दोरी कधी लावलीस, बाबा?"

"गलबत रिकामं असताना. वाळूवर."

"रिकामी कावड सरळच असते."

सुतार उठला. त्याने गलबत पाण्यात सोडले, सगळे हंडे भरले आणि पुन्हा दोरी ताणली. ओझ्याने गलबताची पाठ दोन बोटे वाकली होती. आस बांगडीच्या एकाच कडेवर रेलत होता आणि तिथले पाणी पिळून बाहेर काढत होता.

तो राजाकडे गेला. "लाकूड चांगलं होतं, पाणीही. माप माझं चुकलं."

"मग वाकस?"

"बेटावरून आलो की घ्या."

भरल्या गलबतात त्याने बांगडी आसाच्या कलाने बसवली. या वेळी धूर निघाला नाही. बेटावर दारोदार रिकामे हंडे मांडलेले होते. दोन दारांत हंडा नव्हता, आणि तो मांडायला कोणी उरलेही नव्हते.

परतल्यावर सुताराने वाकस राजापुढे ठेवला. राजाने तो उचलून त्याच्याच हाती दिला. त्यानंतर सुताराने रिकाम्या गलबताला कधी दोरी लावली नाही.

तात्पर्य: दुसऱ्याला दोष देण्याआधी आपले माप ओझ्याखाली तपासून पाहावे.