एसीची पुढची जाळी

परदेशात यंत्रशास्त्र शिकून एक तरुण एकदा विदर्भातल्या आपल्या गावी परतला. दुसऱ्या दिवशी वडिलांना हृदयाच्या तपासणीसाठी नागपूरला न्यायचे होते. मे महिना, पाच तासांचा रस्ता, आणि गाडीचा एसी गरम हवा फेकत होता. मागच्या खेपेस वडिलांना वाटेतच भोवळ आली होती.

शेजारी एसटीच्या आगारातून निवृत्त झालेले एक वृद्ध मेकॅनिक राहत. तरुण त्यांना गुरू मानी. ते अंगणात आले तेव्हा त्याने पाने, पेचकस मांडूनच ठेवले होते.

"काकाजी, गॅस भरू की कॉम्प्रेसरच बदलू?"

वृद्धाने बॉनेट उघडून, गाडी सुरू करवून पंखा पाहिला आणि इंजिन बंद करवले. मग पाण्याची बादली आणि मऊ ब्रश मागून, धुळीने आणि किड्यांनी बुजलेली एसीची पुढची जाळी ते सावकाश धुऊ लागले. तास झाला.

"काकाजी, उकडतं आत. तुम्ही गाडीचं तोंड काय धुताय? वरातीत न्यायची आहे का?"

"इतकी वर्षं तिकडे काय शिकलास रे बाप्पा? धर बादली."

जाळी स्वच्छ झाल्यावर त्यांनी गाडी आणि एसी सुरू करवला आणि तरुणाचा हात जाळीमागून येणाऱ्या हवेत धरला. इंजिन अजून गार होते, पण हवा तापलेली होती.

"एसी गारवा बनवत नाही. आतली उष्णता उचलून या जाळीला देतो. ती सोसते, म्हणून आतला माणूस निवांत बसतो. तुझ्या बाबांची बस मी बावीस वर्षं दुरुस्त केली. ड्रायव्हरच्या पायाला लागूनच इंजिन. मे महिन्यात त्याच्या झाकणावर हात ठेववत नसे. त्यांनी सुट्टी कधी मागितली नाही, जादा फेऱ्या मागितल्या. तू तेव्हा बर्फाच्या देशात शिकत होतास."

उष्णतेचा हा नियम तरुणाने परीक्षेत अचूक लिहिला होता. आज तो मांडलेले पाने, पेचकस उचलून पेटीत ठेवू लागला.

सकाळी गाडी निघाली. थोड्याच वेळात वडील म्हणाले, "कमी कर रे, थंडी वाजते."

त्याने एसी कमी केला. मग विचारले, "बाबा, बसमध्ये फार गरम व्हायचं का हो?"

"खिडकी होती ना," वडील म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "व्हायचं."

नागपूर येईपर्यंत ते एकेका फेरीची हकीकत सांगत राहिले. मुलगा ती प्रथमच ऐकत होता.