पडायच्या आधीच

फार फार जुन्या काळी, गावं लहान होती आणि माणसं एकमेकांना पावलांच्या आवाजावरून ओळखत, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि त्यांच्या आईबापांनी तर जरूर ऐकावी.

एका ओढ्याकाठी केरबा नावाचा म्हातारा बुरूड राहायचा. बांबू चिरून तो सुपं आणि टोपल्या विणायचा. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. खोपटात तो एकटाच. आपली भाकरी आपणच थापायचा. ती वाकडीतिकडी व्हायची आणि तो आवडीने खायचा. गुडघे दुखायचे, नजर मंद झाली होती, पण बोटांना अजून बांबूच्या चिरलेल्या कामटीची जाडी नुसत्या स्पर्शाने कळायची.

एकदा त्याचा मुलगा हैबती भेटायला आला असताना अंगणातल्या बांबूच्या सालींवरून केरबाचा पाय घसरला. कोपर खरचटलं, एवढंच. पण हैबतीने धावत येऊन त्याला उचललं.

"आबा, आता पुरे झालं. माझ्या घरी चला. तिथे गोजरा आहे, मी आहे. तुम्ही नुसतं बसायचं."

"अरे, पण मला झालंय काय?"

"काही होईपर्यंत वाट बघू का?"

पोरगा मायेने बोलत होता. मायेला नाही कसं म्हणायचं? तो निघाला.

हैबतीचं घर ओढ्यापलीकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. सून गोजरा जिवाला जीव देणारी. सकाळी तोंड धुवायला पाणी पुढ्यात, जेवायला ताट पुढ्यात. केरबाने कोयत्याला हात लावला की ती धावत यायची. "कापेल आबा, राहू द्या," म्हणायची आणि कोयता माळ्यावर टाकायची.

पहिले चार दिवस केरबाला बरं वाटलं. मग गोंधळ सुरू झाला.

तहान लागली की तो उजवीकडे हात करायचा. हाताला भिंत लागायची. चाळीस वर्षं त्याचा रांजण उजवीकडे होता, इथे तो डावीकडे होता. एका सकाळी अंगणात जायला म्हणून उठला आणि धान्याच्या खोलीत जाऊन उभा राहिला.

"आबा, इथे काय करताय?" गोजराने विचारलं.

केरबाने भोवती पाहिलं. पोती होती, कणगी होती. आपण इथे का आलो, ते त्याला खरंच सांगता येईना.

वारही हरवले. पूर्वी एक दिवस बांबू तोडायचा, दोन दिवस चिरायचा, मग विणायचं, मग बाजार. आता सगळे दिवस एकसारखे. "आज बाजार ना?" तो विचारायचा. "परवाच झाला, आबा." दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तेच विचारायचा. तेव्हा हैबतीने गोजराकडे पाहिलं, गोजराने हैबतीकडे. ते पाहणं केरबाने पाहिलं.

त्या दिवसापासून तो मनाशी घोळवत बसायचा. 'मला जमत नाही म्हणून ही दोघं करतात, की ही दोघं करतात म्हणून मला जमेनासं झालंय?' सकाळी एक वाटायचं, दुपारी दुसरं. मुलगा खोटं कशाला सांगेल? पण मग खोपटात सगळं कसं जमत होतं? की तिथेही जमत नव्हतं आणि आपल्यालाच कळलं नव्हतं?

एकदा त्याने हट्टाने कामट्या मागून घेतल्या. बोटं अडखळली, कामटी चिरफाळली. केरबा घाबरला. "गेलं," तो पुटपुटला आणि पुन्हा काही मागितलं नाही.

मग एके दिवशी, गोजरा गोठ्यात असताना, तो उठून चालू लागला. लोकांना तो सापडला तो ओढ्याच्या मधोमध, घोटाभर पाण्यात उभा. कुठल्या काठाला आपलं घर, तेच त्याला ठरवता येत नव्हतं. लोकांनी हाताला धरून आणलं. हैबतीने रडत रडत दाराला बाहेरून कडी घातली आणि इठामावशीला बोलावणं धाडलं.

इठामावशी झाडपाल्याचं औषध द्यायची. स्वतःही केरबाच्याच वयाची. तिने नाडी पाहिली, जीभ पाहिली.

"आज वार कोणता, केरबा?"

"ठाऊक नाही."

"तुझं घर कुठे?"

केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तेच तर कळत नाही गं."

मावशीने त्याचा हात हलकेच खाली ठेवला. मग म्हणाली, "हैबती, मला याला याच्या खोपटात बघायचंय."

तिघं तिथे गेली. केरबा उंबऱ्याशी क्षणभर थबकला. मग आत शिरला, उजवीकडे हात केला आणि म्हणाला, "रांजण कोरडा पडलाय. बस इठा, पाणी आणतो." मागच्या झऱ्यावर गेला, हळूहळू, दोनदा टेकत. अर्धी घागर घेऊन आला आणि दोघांना पाणी दिलं.

हैबती थक्क झाला. "मग यांना झालंय तरी काय?"

"म्हातारपण," मावशी म्हणाली. "त्यावर माझ्याकडे पाला नाही. पण निम्मं दुखणं तू दिलंयस, पोरा, मायेने दिलंयस."

"आणि इथे पडले तर?"

उत्तर केरबानेच दिलं. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज स्पष्ट निघाला. "पडलो तर उचलायला ये. पडायच्या आधीच उचलून ठेवू नकोस."

शेवटी असं ठरलं की केरबाने रोज सकाळी चूल पेटवायची. पलीकडच्या काठावरून धूर दिसला नाही, तर हैबतीने धावत यायचं.

दोन महिने धूर दिसला. एका पावसाळी सकाळी दिसला नाही. हैबती गुडघाभर पाण्यातून धावला. केरबा चुलीपाशी पडला होता, पाय मुरगळला होता.

"आलास? हात दे जरा."

गोजरा हळद घेऊन आली. पंधरा दिवस नवराबायको आळीपाळीने खोपटात राहिली. पाय बरा झाला तेव्हा 'चला आता घरी' हे शब्द हैबतीच्या ओठांवर आले होते. त्याने ते गिळले आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "आबा, तुम्हाला कुठे राहायचंय?"

"इथेच. पण पाणी तू आणत जा. गुडघा आता ऐकत नाही."

त्यानंतर केरबा सहा पावसाळे तिथे राहिला. वार तो अधूनमधून विसरायचा. टोपल्या पूर्वीसारख्या घट्ट राहिल्या नाहीत; लोक त्यांतून धान्य नाही, गवऱ्या न्यायचे. गोजराने मात्र आपल्या घरातल्या सगळ्या गवऱ्या त्याच टोपल्यांतून वाहिल्या, आणि हे पाहून गावातल्या बऱ्याच घरांनी म्हाताऱ्यांच्या दारांना बाहेरून घातलेल्या कड्या काढून टाकल्या.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, म्हाताऱ्या माणसाला तो मागेल तिथे हात द्यावा, पण त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नये.