हरभऱ्याचे फुकट शेत

मुलांनो, एका डोंगरउतारावरच्या जंगलात एक साळू राहत असे. तिच्या बिळात घरचा एक संगणक होता आणि बिळाच्या दुसऱ्या तोंडाशी राहणारा ससाही तोच वापरत असे. साळूची शिस्त मोठी कडक. पाहुण्याने पेन ड्राइव्ह आणला, की आधी तो तपासायचा. अनोळखी निरोपासोबत आलेली फाइल उघडायचीच नाही. व्हायरस रोखणाऱ्या प्रोग्रॅमने नवी सुधारणा मागितली, की हातातले काम ठेवून ती लगेच बसवायची. पिल्लांच्या फोटोंची प्रत ती वेगळ्या ड्राइव्हवर काढी आणि तो ड्राइव्ह सोडवून कोनाड्यात ठेवी. सशाला या साऱ्याचा भारी कंटाळा. सुधारणा आली की तो ‘नंतर’ दाबून मोकळा होई. वर साळूलाच म्हणे, "तुझ्या अंगावर आहेत तेवढे काटे पुरेत की! संगणकाला आणखी कशाला?"

एके दुपारी साळू कंद खणायला गेली असताना एका अनोळखी कोल्ह्याचा निरोप आला : "अभिनंदन! ओढ्याकाठचे हरभऱ्याचे शेत तुम्हाला फुकट! सोबतची फाइल त्वरित उघडा." सशाच्या तोंडाला पाणी सुटले. पडद्यावर धोक्याची लाल सूचना झळकली, तसा तो वैतागला. "ही घरात नसली तरी हिचा पहारा आहेच!" असे म्हणत त्याने तो प्रोग्रॅमच बंद केला आणि फाइल उघडली. शेत कुठले अन् काय! एकेक फोटो उघडेनासा झाला आणि तीच फाइल सशाच्या नावाने शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे निघून गेली. सशाने घाबरून संगणक बंद केला आणि कुणाला काही न सांगता तो झुडपात जाऊन बसला.

तिन्हीसांजेला साळू परतली, तेव्हा शेजारचे म्हातारे कासव दारात उभे होते. "पोरी, सशाने पाठवलेलं काहीतरी उघडलं मी. आपलाच शेजारी म्हणून उघडलं. तेव्हापासून माझ्या संगणकावरची आईची अंगाई लागतच नाही. तेवढाच तिचा आवाज होता गं माझ्यापाशी." साळूने आत जाऊन पाहिले आणि सारा प्रकार तिच्या ध्यानात आला. तिने हाक मारून सशाला झुडपातून बाहेर काढले.

"चुकलं माझं," ससा पुटपुटला. "पण आपले फोटो आहेत ना कोनाड्यात? मग एवढं काय त्यात?"

हे ऐकताच साळूच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला. "एवढं काय? अरे, फसलास, ते मी पोटात घातलं असतं. पण तू आपल्या हाताने पहारा उठवलास! आणि आग लावून लपून बसलास! दुपारीच एक हाक मारली असतीस, तर आजोबांनी ती फाइल उघडली असती का? कोल्ह्याला मी चोर म्हणेन. तुला काय म्हणू?" सशाला रडू कोसळले. "रडतोस काय? पाय आहेत ना? ज्यांनी अजून उघडली नसेल त्यांच्याकडे पळ!"

ससा जिवाच्या आकांताने पळाला. खार आणि मुंगूस फाइल उघडण्याच्या बेतातच होते, ते वाचले. मग धापा टाकत तो कासवापुढे येऊन उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "आजोबा, द्याल ती शिक्षा भोगीन."

"शिक्षेने तिचा आवाज परत आला असता," कासव म्हणाले, "तर दिलीच असती." आणि त्याने आपली मान कवचात ओढून घेतली.

तात्पर्य : आपल्या संगणकाची राखण करणे हे शेजाऱ्याचे आपल्यावरचे देणे आहे, त्यात हयगय करणे वाईट, आणि हयगय झाल्यावर ती लपवणे त्याहून वाईट.